हाताने रंगवलेली मुंबई : गीतांजली राव आणि आपल्याकडचं स्वतंत्र ॲनिमेशन

कुंचला (धागाकर्ती)

इथे सिनेमावर रोज दोन-चार धागे निघतात. ॲनिमेशनवर क्वचित निघतो, आणि निघाला तर जपानी सिनेमांवर नाहीतर पिक्सारवर. त्या धाग्यांवर मीही हौसेने लिहिते. पण आपल्या शहरात राहून, आपलीच माणसं रंगवणाऱ्या चित्रकर्त्यांबद्दल इथे जवळजवळ काहीच लिहिलेलं नाही, म्हणून हा धागा.

सुरुवात गीतांजली राव यांच्यापासून करते. त्यांचा चेहरा तुम्ही पाहिलेला असण्याची शक्यता आहे. 'ऑक्टोबर' (२०१८) या हिंदी चित्रपटात कोमात गेलेल्या मुलीची आई त्यांनी केली होती. पण त्यांचं मूळ काम चित्रांचं. १९९४ साली जे. जे. इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड आर्टमधून बाहेर पडल्या, ज्येष्ठ ॲनिमेटर राम मोहन यांच्या स्टुडिओत ॲनिमेशनचे धडे गिरवले आणि मग स्वतःच्या वाटेने निघाल्या. ती वाट म्हणजे कथा आपली, चित्रं आपली, दिग्दर्शन आपलं.

२००६ साली त्यांचा 'प्रिंटेड रेनबो' आला. पंधरा मिनिटांचा लघुपट, एकही संवाद नाही. शहरातल्या फ्लॅटमध्ये राहणारी एक म्हातारी आणि तिची मांजर. तिच्याकडे जुन्या काडेपेट्यांचा संग्रह आहे. पेटीवरच्या चित्रात ती शिरते आणि वेगळ्याच जगात पोचते. खोलीतलं जग राखाडी आहे, काडेपेटीतलं रंगांनी ओथंबलेलं. सांगताना साधं वाटतं, पण पाहताना त्या राखाडी रंगात किती छटा आहेत हे लक्षात येतं आणि पोटात तुटतं. म्हातारीच्या हालचालींत कुठेही 'बिच्चारी' असा सूर नाही. ती चहा करते, मांजरीशी खेळते, खिडकीतून बघते. तिचं एकटेपण आपल्याला दिसतं ते फक्त रंग नसण्यातून.

आता थोडा हिशोब. सिनेमात सेकंदाला चोवीस फ्रेम लागतात. दर दोन फ्रेमना एक चित्र धरलं, तरी सेकंदाला बारा चित्रं. पंधरा मिनिटं म्हणजे ९०० सेकंद, म्हणजे १०,८०० चित्रं. हे काम त्यांनी मुख्यतः एकटीने, काही वर्षं खपून केलं. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या 'क्रिटिक्स वीक' विभागात या लघुपटाला तीन पुरस्कार मिळाले. त्यानंतर २०१४ मध्ये 'ट्रू लव्ह स्टोरी', तोही लघुपट, तोही कानच्या क्रिटिक्स वीकमध्ये निवडलेला, तोही बिनसंवादी: सिग्नलवर फुलं विकणारी पोरं आणि त्यांच्या डोक्यातला हिंदी सिनेमा. त्याच बीजातून पुढे 'बॉम्बे रोज' हा पूर्ण लांबीचा चित्रपट वाढला. २०१९ च्या व्हेनिस महोत्सवात क्रिटिक्स वीकचा उद्घाटनाचा चित्रपट तोच होता, आणि ८ मार्च २०२१ ला तो नेटफ्लिक्सवर आला.

या तारखांकडे बघून एका मित्राने मला विचारलं होतं, "तेरा वर्षांत तीन सिनेमे, मग मधल्या काळात त्या काय करत होत्या?" हा धागा काढण्यामागचं खरं कारण तो प्रश्न आहे. मधल्या काळात त्या हेच करत होत्या. स्वतंत्र ॲनिमेशनमध्ये दोन सिनेमांच्या मधला काळ रिकामा नसतो. त्यात पुढच्या सिनेमासाठी पैसे उभे करणं असतं, पटकथा असते, हजारो चित्रं असतात आणि फेकून दिलेली आणखी हजारो. आपण प्रेक्षक मात्र बातमी आली की दखल घेतो, पुरस्कार मिळाला की टाळ्या वाजवतो आणि मधली वर्षं मोजतच नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ती वर्षं मोजायला शिकलं पाहिजे, नाहीतर असं काम करणारी माणसं आपल्याला दिसणारच नाहीत.

'बॉम्बे रोज' कुणी पाहिलाय? आणि अशी आणखी कुणाची कामं तुम्हाला माहीत आहेत?

फुलबाजार

पाहिलाय, दोनदा. माझं लहानपण दादर पश्चिमेला गेलं, फुलमार्केटपासून चालत पाच मिनिटांवर. त्यामुळे सिनेमातल्या नायिकेने, कमलाने, गजरे ओवायला घेतले तेव्हा मी तिच्या बोटांकडेच बघत बसले. मोगऱ्याचा गजरा करताना दोरा बोटाला गुंडाळून गाठ मारतात, त्याला एक लय असते. ती लय ज्याने पाहिली नाही त्याला काढता येणार नाही.

कमला लग्नातून, म्हणजे बालविवाहातून, पळून मुंबईत आलेली. दिवसा फुलं विकते, रात्री बारमध्ये नाचते. सलीम काश्मीरमधून आलेला, आईवडील गमावलेला, तोही फुलंच विकतो, आणि ती कुठून आणतो हे कळतं तेव्हा धस्स होतं: कबरस्तानातून. बालपणापासून ज्या शहराला मी 'माझं' म्हणत आले त्यातल्या या माणसांच्या शेजारून मी हजारदा गेले असेन.

पण मला सगळ्यांत जास्त काय आवडलं असेल तर शर्ली डिसूझा. एके काळची नटी, आता म्हातारी, कमलाच्या धाकट्या बहिणीला, ताराला, इंग्रजी शिकवते. त्या दोघी रस्त्याने चालतात आणि शर्लीबाईंच्या पावलांबरोबर आजची मुंबई विरघळून कृष्णधवल होत जाते, जुन्या इमारती, जुन्या मोटारी. मी ते दृश्य मागे नेऊन पुन्हा पुन्हा पाहिलं. हे खऱ्या कॅमेऱ्याने करायचं म्हटलं तर कोट्यवधींचे सेट लागतील. इथे एका माणसाची आठवण जितक्या सहज येते तितक्या सहज ते घडतं.

शंकेखोर

चित्रांबद्दल दुमत नाही. पण सिनेमा म्हणून मला तो फार भरलेला वाटला. बालविवाह, बालमजुरी, हिंदू-मुस्लिम प्रेम, काश्मीर, बारबाला, एकाकी वृद्धत्व, वर हिंदी सिनेमाच्या स्वप्नांवरचं भाष्य. दीड तासात इतकं कोंबलं की कुठल्याच माणसाजवळ नीट बसायला मिळत नाही. 'प्रिंटेड रेनबो' मी महोत्सवात पाहिला होता. तिथे एक म्हातारी आणि एक मांजर पुरली होती, आणि परिणाम कितीतरी खोल होता.

दुसरं, काही ठिकाणी हालचाली अडखळतात. गर्दीच्या दृश्यांत मागची माणसं नुसती सरकतात असं वाटतं. कौतुक करताना हेही लिहायला हवं.

कुंचला

@शंकेखोर, गर्दी झाली आहे हे मलाही जाणवलं. तरी मी त्या गर्दीच्या बाजूने आहे. लघुपटात एका खोलीतलं आयुष्य होतं, इथे शहर हेच पात्र आहे, आणि या शहरात कुणाला एकट्याची गोष्ट मिळतच नाही, शेजारच्याची गोष्ट मध्ये घुसते. मूकबधिर टिपू आठवा. बालमजुरीविरोधी धाडींपासून लपणारा पोऱ्या, ताराचा मित्र. त्याचं उपकथानक काढून टाकलं असतं तर कथा सुटसुटीत झाली असती, पण ताराचं जग निम्मं झालं असतं.

हालचालींबद्दल लाइटबॉक्स लिहितील बहुतेक, ते याच धंद्यात आहेत.

लाइटबॉक्स

हाक मारलीत म्हणून लिहितो. जरा लांबेल.

टूडी ॲनिमेशन आज बहुतेक ठिकाणी 'रिग' करून होतं. म्हणजे पात्राचे हात, पाय, डोकं, पापण्या असे सुटे भाग एकदाच काढायचे, त्यांना सांधे बसवायचे आणि कठपुतळीसारखे हलवायचे. मालिकांसाठी हे सोयीचं आहे, वेळ वाचतो, पात्र प्रत्येक दृश्यात सारखं दिसतं. दुसरी जुनी पद्धत म्हणजे बाह्यरेषा काढून आत सपाट रंग भरणं. तिथे रेषा पक्की असते, त्यामुळे एका माणसाने काढलेलं दुसऱ्याला पुढे नेता येतं.

'बॉम्बे रोज'मध्ये यातलं काहीच सोपं केलेलं नाही. तिथे संगणकावर, पेन टॅबलेटने, फ्रेमगणिक रंगवलंय. आकार रेषेने नाही, रंगाच्या फटकाऱ्यांनी उभा राहतो. याचा त्रास काय? समजा गालावर संध्याकाळचा उजेड पडलाय. पुढच्या चित्रात मान थोडी वळली की तो उजेड सरकणार, सावली सरकणार, आणि कुंचल्याचा पोतही बदलणार. पोत फार बदलला तर चित्र पडद्यावर उकळल्यासारखं हलतं, अजिबात बदलला नाही तर मेल्यासारखं दिसतं. या दोन्हींच्या मधली जागा प्रत्येक चित्रात नव्याने शोधावी लागते. शिवाय साठ जणांच्या हातांनी ते एकाच हाताने काढल्यासारखं दिसायला हवं.

साठ म्हटलं कारण सौमित्र रानडे यांच्या पेपरबोट डिझाइन स्टुडिओत सुमारे ६० चित्रकारांनी दीड वर्ष हे काम केलं. कुंचलाबाईंच्याच पद्धतीने हिशोब मांडतो. दीड तासाच्या सेकंदांना बाराने गुणून अंदाजे ६५ हजार चित्रं होतात. साठ जणांत वाटली तर माणशी हजारावर, म्हणजे महिन्याला साठ. ऐकायला कमी वाटतात ना? पण हे प्रत्येक चित्र म्हणजे एक पूर्ण पेंटिंग आहे, आणि एका फ्रेममध्ये माणसं दोन असोत की वीस, हिशोबात ती फ्रेम एकच धरली आहे. गर्दीची दृश्यं अडखळतात ती तिथे. मला ती अडखळ चालते, कारण तिच्यामागे कुणाचा तरी दिवस गेलाय हे दिसतं.

आणि शैली एक नाही. कमलाच्या स्वप्नांत मुघल लघुचित्रांची रंगसंगती आणि मांडणी येते, तिथे खोली नसते, सगळं सपाट आणि नक्षीदार. आजची मुंबई वेगळी, शर्लीबाईंची मुंबई वेगळी. म्हणजे त्याच चमूने हात तीन-तीन वेळा बदलायचा.

मी स्वतः बाहेरदेशीच्या मालिकांची कामं करत होतो. नाव घेत नाही, पण एका मोठ्या स्टुडिओत सेकंदाच्या भावाने पैसे मिळायचे. किती सेकंद दिलेस यावर पगार. तिथे दोन वर्षं काढली की हात वेगवान होतो आणि डोळा मरतो. म्हणून या चित्रपटाच्या श्रेयनामावलीत इतक्या तरुण चित्रकारांची नावं बघून मला मनापासून बरं वाटलं. त्यांना दीड वर्ष चित्र काढायला मिळालं.

दूरदेशी

टोरंटोहून. 'बॉम्बे रोज' २०१९ च्या टिफमध्ये, म्हणजे इथल्या चित्रपट महोत्सवात, पाहिला. प्रेक्षागृहात भारतीय निम्म्याहून कमी होते. सिनेमा संपल्यावर माझ्या शेजारची बाई म्हणाली, की तिला वाटलं होतं भारतीय ॲनिमेशन म्हणजे देवांच्या गोष्टी. मी तिला काय सांगणार, मलाही तोवर तसंच वाटत होतं. त्यानंतर शोधून शोधून बघायला लागलो.

इथे एक सुचवतो: उपमन्यू भट्टाचार्य आणि कल्प संघवी यांचा 'वेड' (Wade, २०२०). समुद्राची पातळी वाढून बुडालेलं कोलकाता, गुडघाभर पाण्यातून चालणारी निर्वासित माणसं आणि त्यांच्या मागावर सुंदरबनातून आलेले वाघ. दहा-अकरा मिनिटांचा. फ्रान्समधल्या ॲनेसीच्या ॲनिमेशन महोत्सवात त्याला 'सिटी ऑफ ॲनेसी' पुरस्कार मिळाला होता. मुंबईत राहणाऱ्या प्रत्येकाने बघावा, दर पावसाळ्यात आठवेल. भट्टाचार्य यांच्या 'हेअरलूम' या पूर्ण लांबीच्या चित्रपटाबद्दलही अनेक वर्षं वाचतोय. १९६० च्या दशकातलं अहमदाबाद, कापडाच्या धंद्यातलं कुटुंब, आणि भरतकाम आणि रेखाटन यांचा मेळ. पुन्हा तेच, मधली वर्षं.

आठवीचा वर्ग

धागा आवडला. थोडा इतिहास जोडते, कारण हे सगळं अचानक उगवलेलं नाही आणि त्यात मराठी माणसांचा मोठा वाटा आहे.

काडेपेटीचा विषय निघालाच आहे तर: दादासाहेब फाळके यांनी १९१५ च्या सुमारास 'आगकाड्यांची मौज' नावाचा छोटा चित्रपट केला होता, काड्या एकेक फ्रेम सरकवून हलवलेल्या. त्याची प्रत आज उरलेली नाही. त्याही आधी, 'राजा हरिश्चंद्र'च्या भांडवलासाठी, त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ रोज थोडी थोडी चित्रित करून 'अंकुराची वाढ' दाखवली होती. म्हणजे भारतीय सिनेमाच्या पायाशीच एकट्या माणसाने फ्रेम-फ्रेम जुळवत बसणं आहे, आणि पैसेवाल्याला पटवण्यासाठी ते करणंही आहे. पुढे प्रभातने १९३४ मध्ये 'जंबूकाका' केला.

स्वातंत्र्यानंतर १९५६ साली डिस्नेचे ॲनिमेटर क्लेअर वीक्स मुंबईला केंद्र सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत जी. के. गोखले होते, राम मोहन होते. त्यातून बुद्धाच्या जातककथेवरचा 'द बनियन डिअर' हा लघुपट झाला. राम मोहन पुढे स्वतःचा स्टुडिओ काढून दोन-तीन पिढ्यांचे गुरू झाले. जपानी दिग्दर्शक युगो साको यांच्याबरोबर त्यांनी केलेला भारत-जपानचा 'रामायण' १९९२ चा, आणि तो आपल्याकडे चित्रपटगृहांत पुन्हा धूमधडाक्यात लागला जानेवारी २०२५ मध्ये. राम मोहन २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये गेले, म्हणजे त्यांच्या विद्यार्थिनीचा चित्रपट व्हेनिसला लागल्यानंतर लगेच.

आणि 'एक अनेक और एकता' कसा विसरायचा? 'एक चिडिया, अनेक चिडिया' दूरदर्शनवर पाहिलं नाही असा माझ्या वयाचा माणूस नसेल. १९७४ चा लघुपट, विजया मुळे यांचा, ॲनिमेशन भीमसेन यांचं, संगीत वसंत देसाईंचं, आणि आवाज छोट्या साधना सरगमचा. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. इतक्या लोकांच्या मनात पन्नास वर्षं टिकलेलं दुसरं भारतीय ॲनिमेशन मला आठवत नाही. पण विजयाबाईंचं नाव किती जणांना माहीत आहे?

दोन पिल्लांची आई

'बॉम्बे रोज' मुलांना दाखवू का? वय नऊ आणि बारा.

फुलबाजार

नऊ वर्षांच्या मुलाला नको. हिंसा आहे, बारची दृश्यं आहेत, दलाल आहे. बारा वर्षांच्या मुलीबरोबर शेजारी बसून बघता येईल, आणि मग बोलावं लागेल.

कुंचला

मुलांसाठी शिल्पा रानडे यांचा 'गोपी गवैया बाघा बजैया' बघा. त्या आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात शिकवतात, मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रंही काढतात, आणि ते चित्रपटात दिसतं: पात्रं कळसूत्री बाहुल्यांसारखी पातळ, हातपाय लांबडे, पार्श्वभूमी कापडावरच्या छापासारखी. २०१३ मध्ये टोरंटोला दाखवला गेला आणि आपल्या चित्रपटगृहांत आला मार्च २०१९ मध्ये. तयार झालेला सिनेमा मुलांपर्यंत पोचायला सहा वर्षं! त्या वेळी जी मुलं आठ वर्षांची होती ती तोवर चौदाची झाली. हे मला आजही सहन होत नाही.

दुसरा, सुरेश एरियत यांचा 'टोकरी' (२०१७). मातीच्या बाहुल्यांचा स्टॉप-मोशन लघुपट, चौदा-पंधरा मिनिटं. बापाचं जपलेलं घड्याळ लेकीच्या हातून मोडतं आणि ती टोपल्या विकून ते भरून द्यायला रस्त्यावर उतरते. मुंबईचे रस्ते, सिग्नल, गाड्यांच्या काचा, सगळं हाताने बनवलेलं. मुलं खिळून बघतात.

दख्खनी

एरियत यांचं नाव आलंच आहे तर 'देसी ऊन' (हिंदीत ऊन म्हणजे लोकर) कुणी पाहिला का? त्यांच्या स्टुडिओ ईकसॉरसचा. जून २०२५ मध्ये ॲनेसीला, मागणीवरून केलेल्या चित्रपटांच्या गटात, त्याला ज्युरी पुरस्कार मिळाला. मी सांगली जिल्ह्यातला, त्यामुळे ही बातमी वाचून घरात सगळ्यांना ओरडून सांगितली. विषय आमचा आहे: दख्खनी मेंढी आणि तिची लोकर. आणि चित्रपट केलाय लोकरीनेच. मेंढ्या, डोंगर, माणसं, सगळं लोकरीचं, एकेक फ्रेम हलवत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते, काळी, करडी, तपकिरी. मऊ स्वेटरांना ती चालत नाही. तिची घोंगडी होते. धनगर मेंढ्या राखतात, लोकर कातरली जाते, घरच्या बायका सूत कातायच्या आणि सणगर मागावर विणायचे. ताण्याला चिंचोक्याची खळ देतात, त्याने धागा ताठ राहतो. पावसात घोंगडी अंगावर घेतली की पाणी आत येत नाही, आणि तीच अंथरली की थंडी येत नाही. पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेत मी लहानपणी घोंगड्यांचे ढीग पाहिलेत. आता बाजारात परदेशी मऊ लोकर आणि कृत्रिम धागा आला, आपल्या लोकरीला भाव उरला नाही. कातरणीची मजुरीसुद्धा निघत नाही म्हणून कित्येक धनगर लोकर रानातच टाकून देतात.

ज्या वस्तूला आम्ही टाकून देतो तीच वस्तू बोटांनी पिंजून, आकार देऊन, त्यात जीव भरून कुणीतरी फ्रान्सला नेली. लोकरीवर माहितीपट करता आला असता, पण लोकरीलाच नट केलं म्हणून तिचा राठपणा, तिचे केस, तिचे रंग पडद्यावर डोळ्यांना लागतात. माझ्या आजीला दाखवला. तिने मेंढी ओळखली, "ही आपली" म्हणाली.

शंकेखोर

@दख्खनी, लगेच शोधतो.

आता पैशांचा प्रश्न विचारतो, कारण त्याशिवाय हा धागा पुरा होणार नाही. 'महावतार नरसिंह' २०२५ च्या जुलैत आला आणि तीनशे कोटींच्या वर गेला. म्हणजे ॲनिमेशनला तिकीट काढून जाणारा प्रेक्षक आहे. महाराष्ट्र सरकारने त्याच वर्षी ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंगसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केलं, मुंबईत या विषयाची राष्ट्रीय संस्था उभी राहतेय. मग गीतांजली राव यांच्यासारख्यांना त्याचा फायदा का होऊ नये?

लाइटबॉक्स

व्हायला हवा, पण आपोआप होणार नाही. धोरणांत बोलतात ते उद्योगाचं: नोकऱ्या, गुंतवणूक, स्टुडिओंना सवलती, बाहेरची कामं इथे येणं. ते हवंच आहे, माझं घर त्यावर चालतं. पण एकटी बाई तीन वर्षं घरात बसून पंधरा मिनिटांचा लघुपट करते, तिला त्या रचनेत जागा कुठली? तिला स्टुडिओ नको, यंत्र नको, तिला भाडं भरण्याइतके पैसे हवेत आणि कुणी घाई करायला नको. फ्रान्समध्ये सरकारी चित्रपट निधी, दूरचित्रवाणी वाहिन्या आणि प्रादेशिक मंडळं मिळून लघुपटांना पैसे देतात. 'बॉम्बे रोज'च्या निर्मितीतही सिनेस्तान या भारतीय कंपनीबरोबर फ्रेंच संस्था होतीच. आपल्याकडे एके काळी फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग हे काम करत होता. पगार देऊन चित्रकार पोसले जात. त्याच जागेतून राम मोहन आले हे वर लिहिलंच आहे. महाराष्ट्र सरकार मराठी चित्रपटांना अनुदान देतं. त्यातला एक छोटा हिस्सा मराठी ॲनिमेशन लघुपटांना ठेवला, तर पाच वर्षांत चित्र बदलेल असं मला खरोखर वाटतं.

रंगपेटी

पहिल्यांदाच लिहितेय. मी पुण्यात इलस्ट्रेशन करते, पुस्तकांची मुखपृष्ठं, दिवाळी अंकांची चित्रं. मार्च २०२५ मध्ये सगळ्यांनी आपापले फोटो एआयने जपानच्या जिब्ली ॲनिमेशन स्टुडिओच्या शैलीत करून लावले तेव्हापासून मला मिळणाऱ्या विचारणा बदलल्या. "एआयने केलंय, तुम्ही जरा हात फिरवून द्या," असं म्हणतात, आणि पैसे हात फिरवण्याचे देतात. बोटांची संख्या सुधारायची, डोळे सरळ करायचे. मला चित्र काढायचं असतं. वर लाइटबॉक्स यांनी लिहिलंय की एकेका चित्राला किती वेळ लागतो, ते वाचून छान वाटलं आणि भीतीही वाटली. इतका वेळ देणाऱ्याला पुढे कुणी विचारणार आहे का?

फुलबाजार

@रंगपेटी, मी चित्रकार नाही, वाचक-प्रेक्षक म्हणून सांगते. गजऱ्याची गाठ मला त्या सिनेमात ओळखू आली कारण कुणीतरी ती पाहिली होती. ते मी पैसे देऊन बघेन, विकत घेईन, आणि दिवाळी अंक घेताना चित्रकाराचं नाव छापलंय का हे आधी बघेन. संपादकांना पत्रही लिहीन. तेवढं तर आपल्या हातात आहे.

कुंचला

फुलबाजार, हे फार महत्त्वाचं लिहिलंत. चित्रकाराचं नाव विचारणं, ही सवय आपण सगळ्यांनीच लावून घेऊ.

@रंगपेटी, अभिषेक वर्मा यांचा 'माछेर झोल' (२०१७) जरूर बघ. एक तरुण वडिलांसाठी माशाचं कालवण रांधतोय, आणि जेवताना त्यांना सांगणार आहे की आपण समलिंगी आहोत. बारा मिनिटं. कागदावर पेन्सिलीने काढलेला, आणि कढईतल्या तेलाच्या थरथरीत त्याची धाकधूक दिसते. नीना सबनानी यांचा 'हम चित्र बनाते हैं' सुद्धा, भिल्ल चित्रकार शेर सिंग यांच्याबरोबर केलेला. तिथे चित्रकार आणि दिग्दर्शिका मिळून ठरवतात की गोष्ट कुणाच्या हाताने सांगायची. या दोन्ही लघुपटांना राष्ट्रीय पुरस्कार मिळालेत. मुंबईत असलीस तर मिफचा, म्हणजे मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाचा, ॲनिमेशन विभाग आणि टासी या ॲनिमेशनवाल्यांच्या संस्थेचा ॲनिफेस्ट चुकवू नकोस, असे लघुपट मोठ्या पडद्यावर तिथेच भेटतात.

रंगपेटी

धन्यवाद, आज रात्रीच बघते. आणखी एक विचारू? मला स्वतः काहीतरी हलतं करून बघायचंय. लॅपटॉप जुना आहे, टॅबलेट नाही. सुरुवात कशी करू?

लाइटबॉक्स

लॅपटॉप बाजूला ठेव. पातळ कागदाची गड्डी घे, पलीकडचं चित्र पुसट दिसेल इतका पातळ. एका कडेला पंचने दोन भोकं पाड, सगळ्या कागदांना सारख्याच जागी, आणि ती बसतील अशा दोन खुंट्या पुठ्ठ्यावर चिकटव. काचेच्या टीपॉयखाली दिवा ठेवलास की लाइट बॉक्स झाला. विषय लहान घे: पातेल्यात दूध वर येतंय, मांजर आळस देतंय. दहा सेकंदांचं कर, म्हणजे १२० चित्रं. आधी टोकाची चित्रं काढ, म्हणजे हालचाल जिथे सुरू होते, जिथे वळते आणि जिथे थांबते ती. मग मधली भर. थांबण्याच्या जवळ चित्रं दाट ठेव, मध्यावर विरळ, त्याने वजन येतं. मोबाइल स्टँडवर घट्ट बसव, वरून एकेकाचा फोटो काढ, फोकस आणि उजेड लॉक करून. स्टॉप-मोशनची मोफत ॲप मिळतात, त्यात वेग सेकंदाला बारा ठेव. रंग पहिल्या खेपेला भरू नकोस. झालं की इथेच दुवा टाक, आम्ही सगळे बघू आणि काय जमलं, काय नाही ते नीट सांगू.

रंगपेटी

दूध घेते. कागद उद्या अप्पा बळवंत चौकातून आणते.